घोड्यावर बसण्याआधी: पुण्यात तबेल्यात पहिलं पाऊल टाकणाऱ्यांसाठी

पुण्यात घोडेस्वारी शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, बसायला कधी मिळणार? मी सांगते, पहिला महिना जमिनीवर. ऐकून काही जणांचा चेहरा उतरतो. पण साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर दारातून बाहेर काढताना, बांधताना, त्याचा पाय उचलताना जे कळतं ते पाठीवर बसून कळत नाही. आणि नवखा माणूस जमिनीवरच जास्त गाफील असतो, कारण त्याला वाटतं की धोका वर चढल्यावर सुरू होतो. या क्षेत्रातलं कौशल्य म्हणजे मुख्यतः घोडा पुढच्या क्षणी काय करणार हे आधी ओळखणं. घोडा ते जवळजवळ नेहमी सांगत असतो.

आधी जागा पाहून घ्या

पुण्याला घोडे नवे नाहीत. कॅम्पातला रेसकोर्स १८३० सालचा आहे. पावसाळ्यात मुंबईच्या शर्यती बंद असतात तेव्हा इथला हंगाम चालतो. खडकवासल्याला एनडीएचे छात्र घोडेस्वारी शिकतात. सामान्य माणसासाठी शहराच्या कडेला, मुळशी-तळेगावच्या बाजूला, खासगी शाळा आहेत. फी आणि अंतर यांची चौकशी सगळेच करतात. तुम्ही त्याआधी एकदा सकाळी वैरण टाकायच्या वेळेला जाऊन या.

नाक हे पहिलं साधन. तबेल्यात शिरताच डोळे चुरचुरले तर मूत्र आणि लीद वेळेवर निघत नाही, आणि त्याच हवेत घोड्यांची फुप्फुसं रात्रभर असतात. मग घोडे बघा. तंग (खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथे आणि पाठीवर खोगीर टेकतं तिथे जखमा किंवा पांढऱ्या केसांचे डाग आहेत का? ओठांचे कोपरे फाटलेत का? माणूस दिसल्यावर घोडे दाराशी येतात, की भिंतीकडे तोंड करून उभे राहतात? एखादा घोडा सतत डावी-उजवीकडे झुलत असेल, किंवा दाराची कड दातात धरून हवा ओढत असेल, तर ती नुसती खोड समजू नका. कोंडून ठेवणं, वैरण कमी आणि दाणा जास्त, सोबतीला दुसरा घोडा नाही, अशा कारणांतून ही सवय लागते.

‘भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला?’ हे कोडं आपल्याकडे लहानपणीच घालतात. न फिरवल्यामुळे, हे त्याचं उत्तर तबेल्यात शब्दशः खरं आहे. म्हणून मालकाला थेट विचारा, घोडे रोज किती वेळ मोकळे सोडता? जागाच नाही, असं उत्तर आलं तर दुसरी शाळा बघा.

शेवटी मोतद्दाराशी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसाशी, बोला. जिथे मोतद्दार मामा प्रत्येक घोड्याचं नाव, खोड आणि दुखणं सांगू शकतात, ती जागा चांगली. जनावरांचे डॉक्टर कोण आणि रात्री यायला त्यांना किती वेळ लागतो, हेही त्यांनाच विचारा.

अंगावर काय हवं

घोडेस्वारीचंच हेल्मेट घ्या. मोटारसायकलचं जड असतं आणि वेगळ्या प्रकारच्या धडकेसाठी बनवलेलं असतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. बूट बंद आणि टाच असलेले असावेत, म्हणजे पाय रिकिबीतून (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जाऊन अडकणार नाही. ओढणी, लोंबते कानातले, अंगठ्या, सैल सदरा घरी ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. त्याचे जंतू लीद आणि मातीत असतात, आणि घोड्यालाही हा आजार फार लवकर होतो. त्याचीही लस दरवर्षी झाली पाहिजे.

घोड्याच्या डोळ्यांनी पाहा

घोडा हे शिकार होणारं जनावर आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. न दिसणाऱ्या जागा दोनच, कपाळासमोर अगदी जवळची आणि शेपटीमागची. नवखी माणसं नेमकी याच दोन जागांतून जवळ येतात. कोणी समोरून थेट नाकावर हात नेतं, कोणी पाठीमागून पुठ्ठ्यावर थाप मारतं.

त्याला निळा आणि पिवळा ओळखू येतो, लाल आणि हिरव्यात फरक करणं अवघड जातं. उजेडातून अंधारात शिरताना त्याच्या डोळ्यांना माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. भर उन्हातून काळोख्या तबेल्याच्या दारात घोडा थबकला तर तो हट्ट करत नसतो, त्याला आत दिसत नसतं. दोन क्षण थांबा. दोर ओढलात, तर दार म्हणजे काहीतरी वाईट, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसेल.

बुजल्यावर तो आधी पळतो आणि मग बघतो. पळायला वाट नसेल तर लाथ मारतो. जमिनीवरच्या सुरक्षेचे बहुतेक सगळे नियम याच स्वभावातून आलेले आहेत.

कान, शेपूट, नाकपुड्या

पहिल्या आठवड्यात रोज थोडा वेळ हातात काही न घेता तबेल्याबाहेर उभं राहा आणि फक्त बघा.

कान वळतात तिकडे त्याचं लक्ष असतं. एक कान तुमच्याकडे आणि एक पुढे असेल तर तो तुमचं ऐकतोय आणि रस्ताही बघतोय. दोन्ही कान बाजूला सैल, खालचा ओठ लोंबता, मागचा एक पाय टेकवून विसावलेला, म्हणजे तो आरामात आहे. अशा घोड्याजवळ आवाज न करता जाणं मात्र धोक्याचं, कारण घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो. दोन्ही कान मानेला चिकटून मागे गेले, नाकपुड्या आवळल्या, डोळ्यांभोवती सुरकुत्या आल्या, तर ती ताकीद असते. तिथेच थांबा आणि मागे सरका. मान उंच, कान ताठ पुढे, अंग कडक, नाकातून मोठा फुत्कार, हे उधळण्याआधीचं चित्र.

मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टोकं जवळजवळ एकमेकांना भिडतात. ते वाचायला थोडा सराव लागतो. तिथे कानांपेक्षा डोळे, नाकपुड्या आणि मान यांवर जास्त भर द्या.

शेपूट माशी हाकलायला हलते ती लयीत. तंग आवळताना किंवा टाच लावताना ती जोरात फटकारली गेली, तर कुठेतरी दुखतंय किंवा त्रास होतोय. मागचा पाय उचलून धरणं ही लाथेच्या आधीची खूण. ‘काही कारण नसताना लाथ मारली’ असं कोणी म्हणालं, तर त्याआधी काय काय घडलं ते नीट विचारा. बहुतेक वेळा दोन-तीन इशारे येऊन गेलेले असतात.

जवळ जाणं, बांधणं, चालवणं

आधी बोला, मग पाय उचला. त्याचं नाव घ्या, तो तुमच्याकडे कान वळवेपर्यंत थांबा आणि खांद्याच्या दिशेने तिरपे जा. पहिला स्पर्श खांद्यावर किंवा मानेच्या बुडाशी, तोही हलक्या थापा न मारता हात सपाट फिरवून.

त्याच्या मागून जायचं असेल तर दोनच सुरक्षित अंतरं आहेत. एक तर पुठ्ठ्यावर हात ठेवून, अंगाला घासून, बोलत बोलत जा. तेवढ्या जवळून लाथेत जोर येत नाही. नाहीतर दहा-बारा फूट लांबून जा. मधल्या अंतरावर दुगाणीचा पूर्ण जोर बसतो.

बांधलेल्या घोड्याच्या मानेखालून वाकून पलीकडे जाऊ नका. त्याच्याजवळ गुडघे टेकून किंवा मांडी घालून बसू नका. पायाचं काम असेल तर चवड्यांवर बसा, म्हणजे क्षणात उठता येतं.

दोर कधीही हाताला गुंडाळू नका, बोटात अडकवू नका. जास्तीचा दोर आठच्या आकड्यासारखा घड्या घालून मुठीत धरा. घोडा उधळला तर तो सोडून देता आला पाहिजे. पाचशे किलोला माणूस धरून ठेवू शकत नाही.

बांधताना सुरगाठच मारा, निरगाठ कधीच नाही. गाठ घोड्याच्या मानेच्या बुडाच्या उंचीवर असावी आणि दोर साधारण हातभर मोकळा. लांब सोडला तर पाय अडकतो. भिंतीतल्या कडीला आधी सुतळीचा एक फास करा आणि दोर त्या सुतळीला बांधा. घोडा घाबरून मागे ओढू लागला तर सुतळी तुटेल, पण त्याची मान आणि तुमची बोटं वाचतील. फाटकाला, सैल फळीला किंवा लगामाने कधी बांधू नका.

चालवताना त्याच्या खांद्याजवळ राहा, पुढे नको आणि मागेही नको. दार पूर्ण उघडा, घोडा सरळ रेषेत आत न्या. तिरपा नेला तर त्याचं कमरेचं हाड चौकटीला आपटतं आणि पुढच्या वेळी तो धावतच दारातून जातो. आत नेल्यावर त्याचं तोंड दाराकडे वळवा आणि मगच म्होरकी (तोंडावर बांधलेली, दोर अडकवायची पट्टी) काढा, म्हणजे तुम्ही बाहेर पडताना त्याचे मागचे पाय तुमच्याकडे नसतील. दुसऱ्या घोड्याजवळून जाताना किमान एका घोड्याच्या लांबीचं अंतर ठेवा. दोन अनोळखी घोड्यांची नाकं एकमेकांना लावू देणं ही नवख्यांची आवडती चूक आहे. किंचाळून पुढचा पाय फेकायला त्यांना क्षणही लागत नाही.

खरारा आणि खूर

खराऱ्याने घोडा स्वच्छ होतो, पण त्याहून मोलाचं म्हणजे तुमचा हात रोज त्याच्या सगळ्या अंगावरून फिरतो. सूज, गरम जागा, ओरखडा, दाबल्यावर अंग चोरणं, हे सगळं खराऱ्यात सापडतं. खोगिराची जागा आणि तंगाची जागा नीट तपासा. तिथे एक काडी राहिली तरी तासाभरात जखम होते.

खूर रोज साफ करायचे, फिरवण्याआधी आणि नंतर. त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभं राहा, हात खांद्यावरून खाली पायापर्यंत सरकवत न्या, त्याने वजन दुसऱ्या पायावर टाकलं की उचला. खुरातली घाण काढायचा आकडा टाचेकडून चवड्याकडे चालवा. मधला त्रिकोणी मऊ भाग जपा. त्याच्या खाचेतून काळा, घाण वासाचा चिकट द्रव आला तर खूर सडायला लागलाय. पुण्याच्या पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर उभ्या घोड्यांना हे हटकून होतं, आणि कोरडी जागा हाच त्याचा मुख्य इलाज आहे. नालबंद साधारण दर सहा आठवड्यांनी यायला हवा, नाल घासलेली नसली तरीही, कारण खूर वाढतच राहतो.

वैरण, चंदी, पाणी

घोड्याचं जठर त्याच्या आकाराच्या मानाने लहान असतं आणि आम्ल सतत स्रवत असतं. ते शमवणारी लाळ मात्र तो चावत असतानाच येते. म्हणून थोडं थोडं पण दिवसभर, हा त्याच्या पोटाचा नियम. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज सात ते नऊ किलो कोरडी वैरण लागते. दाणा त्यावर, कामाच्या मानाने. ओट, सातू, भिजवलेला हरभरा यांची चंदी एका वेळेला दोन किलोच्या आतच ठेवा. खाणं बदलायचं असेल तर आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू बदला. पाणी रोज २५ ते ५० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि ते सतत समोर हवं.

जून ते सप्टेंबर वैरणीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. बुरशी लागलेली पेंढी झटकून वापरायची नाही, फेकायची. ओलसर गंजी आतून तापते आणि पेटही घेऊ शकते, म्हणून पेंढीत हात घालून बघायची सवय लावा. गंजी घोड्यांपासून वेगळ्या शेडमध्ये असावी, विजेच्या तारा उघड्या नसाव्यात, विडी-सिगारेट फाटकाबाहेरच. गंजीत उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस येते. पेंढी काठीने हलवल्याशिवाय उचलू नका. (सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्यांच्याच रक्तापासून तयार होतं. पुण्याचं सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला घराण्यातूनच उभं राहिलं, हे इथल्या अश्वप्रेमींना ठाऊक असावं.)

रोज सकाळचा प्रश्न

‘मामा, आज कसा आहे?’ हा प्रश्न रोज सकाळी मोतद्दाराला विचारा आणि उत्तर स्वतः पडताळा. रात्रीची वैरण संपली का? लीद नेहमीइतकी आहे का? विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. तुमच्या घोड्याचे आकडे तो निरोगी असताना लिहून ठेवा. हिरडी गुलाबी असावी, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे.

पोटशूळ हा तबेल्यातला सगळ्यात भीतीदायक शब्द. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं तिथेच राहतं. तो वळून वळून कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन खरवडतो, बसतो-उठतो, लोळतो, खात नाही, लीद टाकत नाही. यातली दोन लक्षणं दिसली की वैरण काढा आणि डॉक्टरांना फोन करा. सांगताना नाडी किती आणि शेवटची लीद कधी, एवढं सांगा. लोळत असेल आणि तुम्हाला धोका नसेल तर हळू चालवा. तोंडातून तेल किंवा काढा ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. डॉक्टरांना न विचारता वेदनाशामकही देऊ नका, त्याने लक्षणं झाकली जातात.

पावसानंतर येऊन-जाऊन ताप, अशक्तपणा, पोटाखाली किंवा पायांवर सूज असेल तर सर्रा हा रक्तातल्या परजीवींमुळे होणारा आजार असू शकतो. चावणाऱ्या गोमाशा तो पसरवतात. रक्त तपासून घ्या.

शिकवणं म्हणजे सोडणं

घोडा दाबाने शिकत नाही. दाब थांबतो त्या क्षणी त्याने जे केलं, ते तो शिकतो. छातीवर बोट टेकवा, हळूहळू दाब वाढवा, त्याने वजन जरा मागे नेलं की त्याच क्षणी बोट काढा. पाऊल पडायची वाट बघू नका. काही वेळाने नुसतं बोट जवळ नेलं तरी तो मागे सरकेल. तुम्ही दोन सेकंद उशिरा सोडलंत, तर त्याने मधल्या वेळात मान झटकली असेल आणि तो मान झटकायला शिकेल. नव्या शिकणाऱ्याचा सगळा सराव हाताची ही वेळ साधण्याचा असतो. पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि जमलं की तिथेच थांबा.

नंतर दिलेली शिक्षा त्याला कळतच नाही. चावा घेतल्यावर तुम्ही चाबूक आणायला गेलात, तर परत आल्यावरच्या फटक्याचा आणि चाव्याचा संबंध तो जोडणार नाही. माणूस आला की दुखतं, एवढंच तो लक्षात ठेवील. काटेरी लगाम तर आपल्याकडे १९६५ च्या नियमांपासून बेकायदा आहे. कुठे दिसला तर त्या जागी एक दिवसही शिकू नका.

पुण्यातल्या शाळांमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे बरेच असतात. रेसमध्ये जॉकीच्या हाताचा ताण त्यांना आधारासारखा वाटलेला असतो, म्हणून घाबरून लगाम ओढून धरला की ते आणखी वेग घेतात. अशा घोड्यावर लगाम ओढून लगेच सोडायचा, पुन्हा ओढायचा, सोडायचा, आणि त्याला मोठ्या वर्तुळात वळवायचं.

ढोल-ताशे आणि फटाके

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालतात, लाखो वारकऱ्यांत, टाळ-मृदंगात, आणि रिंगणात धावतात. हे बघून काही जणांना वाटतं की चांगला घोडा जन्मतःच गर्दीला घाबरत नाही. घोड्याला आवाजाची सवय करावी लागते, तीही लांबून आणि हळूहळू. गणपतीच्या दोन महिने आधी ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात, तो वैरण खात असताना लावा. तो कान वळवून पुन्हा खाऊ लागला की त्याच पातळीवर काही दिवस राहा, मग थोडं वाढवा. खाणं थांबलं, मान वर गेली, तर तुम्ही घाई केलीत, मागे या. मिरवणुकीच्या रात्री आणि दिवाळीत मात्र घोडा आत, ओळखीच्या सोबत्याशेजारी, भरपूर वैरणीसह ठेवा आणि एक माणूस रात्रभर तिथे असू द्या.

पहिल्यांदा बसताना

बसण्याआधी तंग पुन्हा तपासा. अनेक घोडे तंग आवळताना पोट फुगवतात आणि चार पावलं चालल्यावर तो सैल होतो. रिकिबीत फक्त चवडा ठेवा आणि टाच खाली. सुरुवातीचे दिवस मास्तरांच्या हातात लांब दोर आणि घोडा वर्तुळात, असंच शिका. लगाम आधाराला पकडायचा नाही, तोल जातोय असं वाटलं तर आयाळ धरा. दुडकीत (हळू पळण्याच्या चालीत) पाठ आपटत असेल तर पुन्हा साध्या चालीवर या, त्यात कमीपणा नाही.

पडलात तर लगाम सोडा आणि घोड्यापासून लांब गडगडत जा. डोक्याला मार लागला असेल, क्षणभरही शुद्ध हरपली असेल, तर त्या दिवशी पुन्हा बसायचं नाही, थेट दवाखाना. ‘पडल्यावर लगेच चढलंच पाहिजे’ असं सांगणारे अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका.

घोडा घ्यायचाय?

निदान दोन वर्षं थांबा. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा अकलूजच्या बाजारात पाय नाचवणारा घोडा डोळ्यात भरतो. पण नाचायला शिकवलेला घोडा आणि नवख्याला सांभाळून घेणारा घोडा वेगळा. पहिल्या घोड्याचं वय दहाच्या पुढचं असलं तरी उत्तम. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी घोडी बुटकी, काटक आणि दख्खनच्या हवेला सरावलेली असतात. मिळालं तर नक्की बघा. मालकाला आधी स्वतः बसायला सांगा, घोडा थंड असताना त्याला तबेल्यातून काढताना बघा, चारही पाय उचलून घ्या, कठीण जमिनीवर दुडकीत पळवून लंगडतो का ते बघा. सौदा ठरण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी हवीच. तो माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि त्याची सरकारी नोंद बंधनकारक आहे. अहवाल हातात आल्याशिवाय विसाराचे पैसे देऊ नका, आणि नवा घोडा आणल्यावर निदान तीन आठवडे बाकीच्या घोड्यांपासून वेगळा बांधा. त्याची बादली, खरारा आणि म्होरकीही वेगळीच ठेवा.